वीट गवंड्याला कामाला लावते का? खनिजांचे आयन आणि दात-हाडांच्या पेशी

दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "कॅल्शियम आणि फॉस्फेट म्हणजे हाडांच्या आणि दातांच्या विटा, असं आम्ही पहिल्या वर्षी शिकलो. आता दाताच्या प्रत्येक नव्या सिमेंटबद्दल, प्रत्येक बोन ग्राफ्टबद्दल (हाडातली पोकळी भरायच्या पदार्थाबद्दल) 'यातून सुटणारे आयन पेशींना उत्तेजन देतात' असं वाचायला मिळतं. वीट गवंड्याला कामाला लावते का? आणि लावत असेल, तर खनिजांच्या गोळ्या खाऊन दात आणि हाडं मजबूत का होत नाहीत?"

प्रश्न फार चांगला आहे. रूट कॅनाल आणि पल्प (दाताच्या आतला नसा-रक्तवाहिन्यांचा जिवंत गाभा) वाचवण्याच्या उपचारांत माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि या प्रश्नाचं उत्तर रोजच्या कामात उपयोगी पडतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हो, लावते. आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट, पेशीसाठी कच्चा माल असतो आणि निरोपही असतो. मात्र त्या निरोपाचा अर्थ तीन गोष्टींवर ठरतो: आयन किती आहे, नेमका कुठे आहे आणि पेशी त्या वेळी कोणत्या अवस्थेत आहे. यातलं एक बदललं की तोच आयन उलट परिणाम करू शकतो. गोळ्यांबद्दलचं उत्तरही यातच आहे.

आधी कॅल्शियम. शरीरातलं जवळपास ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यावर पेशींचा सगळा व्यवहार चालतो. पेशींच्या बाहेरच्या द्रवात मोकळं, म्हणजे आयनच्या रूपातलं कॅल्शियम लिटरमागे साधारण १.१ ते १.३ मिलिमोल असतं. शांत असलेल्या पेशीच्या आत ते याच्या दहा हजाराव्या भागाइतकंच असतं. ही तफावत टिकवायला पेशी सतत ऊर्जा खर्च करून कॅल्शियम बाहेर फेकत राहते. एवढा खर्च कशासाठी? तर पडद्यातलं एखादं चॅनेल क्षणभर उघडलं तरी आतलं प्रमाण कित्येक पटींनी चढावं आणि पेशीला ते लगेच जाणवावं, यासाठी. त्यातून पुढे प्रथिनांची साखळी हलते, जनुकं चालू-बंद होतात, पेशी सरकते, विभागते किंवा स्राव सोडते.

दुसरा मार्ग त्याहून थेट आहे. १९९३ साली गाईच्या पॅराथायरॉइड (गळ्यातल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) ग्रंथीतून कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं निरोप घेणारं प्रथिन, सापडला. तोवर हार्मोन किंवा मज्जासंदेशक पदार्थांसाठीच रिसेप्टर असतात, अशी सर्वसाधारण समजूत होती. एक साधा धातूचा आयन पेशीच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतो आणि आत न शिरताही हुकूम देतो, ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. पॅराथायरॉइडमध्ये हा रिसेप्टर रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवतो. पुढे तोच रिसेप्टर हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्टवर, हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्टवर आणि दाताच्या पेशींवरही आढळला. तुमच्या प्रश्नातला गवंडी विटेला हात लावून ओळखतो, तो असा.

आता ऑस्टिओक्लास्ट काम कसं करतो ते जवळून पाहू. अनेक केंद्रकं असलेली ही मोठी पेशी हाडाच्या पृष्ठभागाला कडेने घट्ट चिकटते आणि आपल्या पोटाखाली एक बंद खोली तयार करते. त्या खोलीत ती प्रोटॉन पंपाने आम्ल ओतते. प्रोटॉनवर धन भार असतो. नुसते तेच बाहेर टाकत राहिले तर विद्युतभाराचा तोल जाऊन पंप बंद पडेल, म्हणून त्यांच्याबरोबर क्लोराइड आयनही सोडावे लागतात. खोलीतला पीएच ४.५ च्या आसपास उतरतो आणि खनिज विरघळू लागतं. प्रयोगांत या बंद जागेत कॅल्शियम लिटरमागे ४० मिलिमोलपर्यंत चढल्याचं मोजलं गेलं आहे, म्हणजे बाहेरच्या द्रवाच्या तीसपटीहून जास्त. हे वाढलेलं कॅल्शियमच ऑस्टिओक्लास्टला थांबण्याची खूण देतं: पेशी आक्रसते, पकड सोडते आणि बाजूला सरकते. त्याच कॅल्शियमच्या दिशेने ऑस्टिओब्लास्टच्या पूर्वज पेशी ओढल्या जातात आणि वाढू लागतात. खोदणाऱ्याला 'पुरे' आणि भरणाऱ्याला 'या' हे दोन्ही निरोप एकच आयन एकाच जागेवरून देतो. हाडाचं नूतनीकरण घडतं त्यात हार्मोन, वाढीचे घटक आणि पेशींचा आपसातला संवाद यांचा वाटा मोठा आहे. पण हा स्थानिक इशारा मला त्यातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

क्लोराइडचा उल्लेख सहज केलेला नाही. ज्या मुलांमध्ये ते क्लोराइड वाहून नेणारं प्रथिन किंवा प्रोटॉन पंपच जन्मतः बिघडलेला असतो, त्यांना ऑस्टिओपेट्रोसिस होतो. हाडं दगडासारखी दाट होतात, पण ठिसूळ असतात, आणि दात जबड्यात अडकून पडतात. दात वर येण्यासाठी त्याच्या वाटेतलं हाड विरघळावं लागतं आणि ते काम ऑस्टिओक्लास्टचंच आहे. एका आयनची वाट बंद झाली म्हणून दात उगवत नाही, हे उदाहरण मी शिकवताना हमखास देतो.

मात्रेकडे वळू. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऑस्टिओब्लास्टना वेगवेगळ्या प्रमाणात कॅल्शियम दिलं, तेव्हा लिटरमागे २ ते ४ मिलिमोलला पेशी छान वाढल्या, ६ ते ८ ला त्या परिपक्व होऊन खनिज साठवू लागल्या आणि १० च्या वर गेल्यावर त्यांना विषबाधा झाली. म्हणजे वाढीसाठी एक मात्रा, कामासाठी दुसरी, आणि थोडं पुढे गेलं की मरण. बशीतल्या पेशींचे आकडे जसेच्या तसे तोंडात लागू होत नाहीत. तरी 'आयन सोडणारं मटेरियल' असं कुठेही वाचलं, की किती सोडतं आणि किती दिवस सोडतं हे आधी विचारायचं, एवढं यावरून कळतं.

आता माझ्या रोजच्या कामातली गोष्ट. तरुण रुग्णाची दाढ, कीड खोल, ती काढताना पल्प टोचल्यासारखा उघडा पडतो आणि रक्ताचा थेंब दिसतो. रक्त काही मिनिटांत थांबलं, तर पल्प जगण्याच्या स्थितीत आहे असं धरून त्यावर कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट ठेवतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइड या कामासाठी १९२० पासून वापरात आहे. त्यानंतर १९९३ मध्ये एमटीए हे कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट आलं आणि आता त्याच कुळातली आणखी सिमेंटं मिळतात. या सगळ्यांचा मुख्य गुण एकच: ओलाव्यात ती कॅल्शियमचे आणि हायड्रॉक्सिलचे आयन सोडतात. पीएच १२.५ च्या आसपास जातो. सिमेंटला टेकलेला पल्पचा पातळ थर त्याने मरतो, जंतूही मरतात. त्या मेलेल्या थराखाली मात्र अल्कता उतरत जाते, कॅल्शियम मध्यम पातळीवर स्थिरावतं, आणि तिथल्या मूळ पेशी ओडोन्टोब्लास्टसारख्या होऊन डेंटिन, म्हणजे पल्पभोवतीचा दाताचा कठीण भाग, घालू लागतात.

यात आणखी एक पदर आहे आणि तो बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. डेंटिन तयार होतानाच त्यात टीजीएफ-बीटासारखे वाढीचे घटक अडकून पडलेले असतात. ही सिमेंटं डेंटिनमधून ते घटक थोडे थोडे मोकळे करतात. म्हणून पल्पच्या पेशींना मिळणारा निरोप नुसत्या कॅल्शियमचा नसतो. दाताने स्वतःजवळ राखून ठेवलेले जुने निरोपही त्या वेळी बाहेर येतात.

डॉक्टरांना आणि रुग्णांनाही इथे धीर धरावा लागतो. दुरुस्तीचं डेंटिन पडायला काही आठवडे जातात आणि पुढे ते दिवसाला साधारण एक-दोन मायक्रॉन वाढतं. शंभर दिवसांनंतरही हिशेब मिलिमीटरच्या दशांशातच राहतो. महिन्याने एक्स-रे काढून 'पूल (उघड्या पल्पवरचा डेंटिनचा थर) बनला नाही' म्हणून दात उघडणं म्हणजे चाललेलं काम मोडणं. त्या काळात दात गार लागल्यावर क्षणभर कळवळून शांत होतो की ठणकत राहतो, यावर मी जास्त विश्वास ठेवतो. आणि वरचं फिलिंग गळतीबंद नसेल तर खालच्या आयनांचा काही उपयोग नाही. जंतू पुन्हा पोचले की पल्पच्या पेशी डेंटिन घालणं सोडून जळजळीच्या मागे लागतात.

इनॅमलची, म्हणजे दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण थराची, गोष्ट वेगळी, आणि लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. इनॅमल घडवणाऱ्या अमेलोब्लास्ट पेशी दात बाहेर येताना नाहीशा होतात. तोंडात दिसणाऱ्या इनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी नसते. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला तो थर पुढे आयुष्यभर लाळेशी फक्त रासायनिक देवाणघेवाण करतो. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की खनिज सुटतं, वर आला की लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट परत बसतं, आणि फ्लोराइड असेल तर ते जास्त टिकाऊपणे बसतं. म्हणजे टूथपेस्ट काम करते ती स्फटिकावर. तिच्या वेष्टनावर पेशींच्या गोष्टी वाचल्या तर त्या इनॅमलला लागू नाहीत, हे लक्षात ठेवा.

इनॅमल घडत असताना मात्र आयनांची ये-जा प्रचंड असते. अमेलोब्लास्ट कॅल्शियम आत घेऊन पलीकडे पोचवतो. त्यासाठी लागणाऱ्या ओराय-१ किंवा स्टिम-१ या प्रथिनांत जन्मजात दोष असलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती तर कोसळतेच, पण इनॅमलही कच्चं राहतं. शिवाय हायड्रॉक्सिॲपटाइटचा (दात-हाडांतल्या कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचा) स्फटिक बनताना आम्ल सुटतं. ते निष्प्रभ केलं नाही तर नुकताच बनलेला स्फटिक विरघळेल, म्हणून अमेलोब्लास्ट बायकार्बोनेट सोडत राहतो. हे सगळं बाळाच्या जबड्यात, हिरडीच्या आत, कोणाला न दिसता चालू असतं आणि त्यातली चूक दात उगवल्यावरच कळते. तेव्हा दुरुस्त करायला पेशी उरलेली नसते.

फॉस्फेटकडे येऊ. कॅल्शियमच्या छायेत तो दुर्लक्षित राहतो, पण माझ्या मते पेशीच्या दृष्टीने तोही तितकाच मोठा अधिकारी आहे. ऑस्टिओब्लास्टभोवती मोकळं फॉस्फेट वाढलं, तर पेशी ऑस्टिओपोन्टिनसारख्या प्रथिनांची जनुकं चालू करते. वाढीच्या कूर्चेत तर फॉस्फेट पेशींना मरायला सांगतं, आणि ते मरण आवश्यक असतं. फुगलेल्या कूर्चापेशी वेळेवर मेल्या की त्यांच्या जागी हाड येतं. फॉस्फेट कमी पडलं तर त्या मरत नाहीत, कूर्चेचा थर जाड होत जातो आणि मुडदूस दिसतो.

फॉस्फेटची दुसरी बाजू पायरोफॉस्फेट. दोन फॉस्फेट जोडून बनलेला हा आयन स्फटिकाची वाढ रोखतो. दातावरची पुटं वाढू नयेत म्हणून काही टूथपेस्टमध्ये तो मुद्दाम घातलेला असतो. शरीरात मऊ ऊतींमध्ये खनिज साचू नये म्हणून तो पहारा देतो आणि जिथे खनिज हवं तिथे अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम त्याला तोडतं. पहारा उठतो आणि तुटण्यातून फॉस्फेटही मिळतं. हायपोफॉस्फटेसिया या जन्मजात आजारात हे एन्झाइम दुबळं असतं. मुळावर सिमेंटम, म्हणजे दाताला हाडाशी जोडून ठेवणारा थर, नीट बनत नाही, त्यामुळे मुलाचे दुधाचे दात पाच वर्षांच्या आतच, मूळ अख्खं असताना, न दुखता गळून पडतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा समोरचा दात लांब मुळासकट हातात आला आणि मार लागलेला नसेल, तर रक्तातल्या अल्कलाइन फॉस्फटेजची तपासणी करायला सांगा. प्रौढांच्या आजारांत हे एन्झाइम वाढलंय का एवढंच पाहायची सवय असते. इथे ते कमी आहे का हे पाहायचं असतं, आणि तेही मुलाच्या वयाच्या प्रमाणाशी ताडून. या आजारावर २०१५ पासून एन्झाइम देण्याचा उपचार मान्यताप्राप्त आहे, म्हणून दंतवैद्याच्या नजरेचं मोल इथे फार आहे.

तसाच दुसरा आजार म्हणजे एक्स गुणसूत्रावरून येणारा, मूत्रातून फॉस्फेट वाहून जाण्याचा आजार. कीड नाही, मार नाही, तरी दाताच्या मुळाच्या टोकाशी पुळी येते. कारण डेंटिनमध्ये खनिज न भरलेल्या फटी राहतात, पल्पची शिंगं (वरची टोकं) इनॅमलपर्यंत पोचलेली असतात, आणि इनॅमल थोडंसं झिजलं तरी जंतूंना आत वाट मिळते. एक्स-रेत पल्पची पोकळी नेहमीपेक्षा मोठी दिसली की ही शंका मनात यायला हवी.

मॅग्नेशियम आणि जस्त यांच्याबद्दल थोडक्यात. अल्कलाइन फॉस्फटेजच्या गाभ्यात जस्ताचे आणि मॅग्नेशियमचे आयन बसलेले असतात, त्यांच्याशिवाय ते चालत नाही. जस्त इनॅमलमधली प्रथिनं कापून काढणाऱ्या एन्झाइमलाही लागतं आणि ऑस्टिओक्लास्ट तयार होण्याला आवर घालतं. मॅग्नेशियम फार कमी झालं तर पॅराथायरॉइडचा स्रावच मंदावतो आणि रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ते मॅग्नेशियम भरल्याशिवाय कितीही कॅल्शियम दिलं तरी चढत नाही. उलट, मॅग्नेशियम जास्त झालं तर ते स्फटिक बनण्यातच अडथळा आणतं. मॅग्नेशियमच्या विरघळणाऱ्या खिळ्यांवरचं २०१६ मधलं उंदरांवरचं काम मला विशेष वाटलं. हाडाच्या आवरणातल्या संवेदी नसांमधून मॅग्नेशियम एक न्यूरोपेप्टाइड (नसांचा संदेशवाहक पदार्थ) सोडायला लावतं आणि त्यातून हाड घडवणाऱ्या पेशी जाग्या होतात. इथे आयनचा निरोप आधी नसेला मिळतो आणि तिच्याकडून हाडाला.

फ्लोराइड आणि स्ट्रॉन्शियम यांच्यावर मात्र थांबायला हवं, कारण तुमच्या गोळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर या दोघांनी माणसांवर देऊन दाखवलं आहे.

फ्लोराइड ऑस्टिओब्लास्टची वाढ करतं, हे खरं. म्हणून रजोनिवृत्तीनंतरच्या ऑस्टिओपोरोसिसवर ते देऊन पाहिलं गेलं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २०२ स्त्रिया होत्या, चार वर्षं, रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड. मणक्याच्या हाडाची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. फ्लोराइड घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोन्ही गटांना कॅल्शियम मिळत होतं. तरी मणक्यांच्या फ्रॅक्चरमध्ये म्हणण्यासारखी घट झाली नाही आणि इतर हाडांची फ्रॅक्चर्स तिपटीने वाढली. पेशींनी हाड घातलं खरं, पण ते चांगल्या प्रतीचं नव्हतं. 'पेशी उत्तेजित झाल्या' आणि 'रुग्णाला फायदा झाला' यांच्यात किती अंतर असतं, ते पाहायचं असेल तर ही चाचणी समजून घ्या. दातात फ्लोराइड इतकं उपयोगी ठरतं ते इनॅमलच्या पृष्ठभागावर, अत्यल्प प्रमाणात, पेशी नसलेल्या जागी. इनॅमल घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, पोटात फार गेलं तर अमेलोब्लास्टच्या परिपक्व होण्याच्या टप्प्यात अडथळा येतो, प्रथिनं आत राहून जातात आणि दातावर पांढरे-तपकिरी डाग उमटतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे, ती दात आणि सांगाडा या दोन्हींना जपण्यासाठी.

स्ट्रॉन्शियम कॅल्शियमचंच भावंड असल्यामुळे कॅल्शियमच्या रिसेप्टरवर बसतं. स्ट्रॉन्शियम रॅनेलेट हे औषध युरोपात २००४ मध्ये मान्य झालं. मणक्यांची फ्रॅक्चर्स त्याने खरोखर कमी झाली. पण घनतेच्या तपासणीत दिसलेल्या वाढीचा जवळपास निम्मा भाग आभास होता. स्ट्रॉन्शियमचा अणू जड असल्याने क्ष-किरण जास्त शोषतो आणि यंत्राला हाड दाट वाटतं. पुढे हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१३-१४ मध्ये त्याच्या वापरावर कडक मर्यादा आल्या. गोळीतून दिलेला आयन हाडात जातो तसा रक्तवाहिन्यांतही जातो.

स्थानिक मटेरियलचं बळ नेमकं इथे आहे. सिलिकॉन, कॅल्शियम, सोडियम आणि फॉस्फरस यांची १९६९ मध्ये बनवलेली ४५एस५ ही बायोग्लास हाडाला चिकटते हे पाहून लोकांना आधी पृष्ठभागाचंच कौतुक होतं. नंतर असं दिसलं की काच नसलेल्या बशीत नुसता तिचा अर्क घातला, म्हणजे विरघळलेलं सिलिकॉन आणि कॅल्शियम, तरी ऑस्टिओब्लास्टची वाढीशी संबंधित जनुकं चालू होतात. निरोप द्रवातून जात होता. हवा तो आयन, हव्या त्या खड्ड्यात, काही आठवडे, बाकी शरीराला फारसा न कळता पोचवता येतो, हे या पदार्थांचं वैशिष्ट्य. उलट उदाहरणही ध्यानात ठेवा: डायलिसिसच्या पाण्यातून पूर्वी शिरलेलं ॲल्युमिनियम हाडात खनिज बसण्याच्या रेषेवर जाऊन साचायचं, ऑस्टिओब्लास्टला मंदावायचं आणि हाडं मऊ पडायची.

तेव्हा कंपनीचा प्रतिनिधी 'आयन रिलीज'चा आलेख दाखवेल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा. मोजमाप पाण्यात केलंय की लाळेसारख्या द्रवात? वेग पहिल्या दिवसाचा आहे की महिन्यानंतरचा? आणि पेशींच्या बशीपलीकडे, माणसाच्या दातावर, निदान वर्षभराचा काही निकाल आहे का? पहिल्या दिवशी सगळा साठा ओतून टाकणारं मटेरियल पल्पला भाजतं आणि पुढे त्याची जागा पोकळ राहते.

राहिली गोळ्यांची गोष्ट. रक्तातलं मोकळं कॅल्शियम पॅराथायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडं मिळून अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात. पोटात जास्त कॅल्शियम गेलं, तर आतडं शोषण कमी करतं, मूत्रपिंड जास्त बाहेर टाकतं आणि ऑस्टिओब्लास्टपर्यंत जवळपास तोच आकडा पोचतो. कमतरता असेल तेव्हा भरून काढणं अत्यावश्यक आहे, कारण मग शरीर हाड मोडून रक्ताची पातळी सांभाळतं. कमतरता नसताना वरची भर घातल्याने पेशींना नवा निरोप मिळत नाही. दाताच्या बाबतीत तर मोडून घेण्याचाही प्रश्न येत नाही. गरोदरपणात 'बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं' असं म्हणतात, ते चूक आहे. इनॅमलमध्ये ते काढून द्यायला पेशी नाही आणि डेंटिनमधून रक्ताकडे परत जायची तशी वाट नाही. त्या काळात दात किडतात ते वारंवार खाणं, उलट्यांचं आम्ल आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे टाळलेला ब्रश यामुळे. अशा रुग्णाला कॅल्शियमची गोळी तिच्या डॉक्टरांनी हाडांसाठी आणि बाळासाठी दिलेली असते, ती चालू ठेवायला सांगा. दातांसाठी मात्र उलटीनंतर आधी साध्या पाण्याने चूळ, ब्रश थोड्या वेळाने, आणि रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट.